काचेच्या कवेलूखालची रोपं

बाईंच्या खोलीत मी तीन उन्हाळे काढले, आणि शेवटचे काही दिवस सोडले तर त्या तीन उन्हाळ्यांत दुपारी एका जागी तासभर सलग झोपल्याचं मला आठवत नाही. डोळा लागतो न लागतो तोच खांद्याला हात लागायचा. "ऊठ वं पोरी, ऊन आलं तुह्या अंगावर. सरक तिकडे." मी सतरंजीसकट सरकायची आणि माझ्या जागी रॉकेलचा आडवा कापलेला डबा येऊन बसायचा. डब्यात माती, मातीत बी. त्या खोलीत मानाची जागा बियांची होती. माणसांनी उरल्यासुरल्या जागेत भागवायचं.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. नर्सिंगचं शिक्षण जेमतेम संपवून मी अमरावतीहून वणीच्या दवाखान्यात लागले होते. एकट्या पोरीला गावात कुणी खोली देईना. बाई त्याच दवाखान्यात बाळंतपणं करायच्या, वयानं चाळिशीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. माझी रडकी सूरत दोन दिवस पाहून म्हणाल्या, "माह्याकडे ये. खोली मोठी हाये." कशाच्या मानानं मोठी, ते मी विचारलं नाही. दहा बाय बाराच्या त्या खोलीत चूल, पाण्याचा रांजण, दोन ट्रंका, जातं, आम्ही दोघी आणि ओळीनं मांडलेले चार डबे एवढा संसार होता.

वांगी, मिरची, टमाटे, सगळ्यांची रोपं बाई घरातच करत. मृग लागायच्या आत रोप हाताशी हवं आणि वणीच्या मे महिन्यात बाहेर ठेवलेलं कोवळं रोप संध्याकाळपर्यंत पापड होतं. खोलीला एक खिडकी होती, पण ती बोळात उघडायची आणि झळांच्या भीतीनं तिच्यावर ओलं पोतं टांगलेलं असायचं. उजेड यायचा तो एकाच वाटेनं. छपराच्या कवेलूंमध्ये, म्हणजे कौलांमध्ये, एक कवेलू काचेचं होतं. त्यातून ताटाएवढं ऊन खाली पडायचं आणि दुपारभर खोलीत फिरायचं. साडेअकराला फळीखाली, साडेबाराला माझ्या सतरंजीवर, दोनला जात्यापाशी, साडेतीनला भिंतीवर. आमचा दवाखाना सकाळी आणि संध्याकाळी असे. मधल्या वेळात बाई जेवून उन्हाच्या मागे डबा सरकवत बसत. ऊन भिंतीवर चढलं की डबा ट्रंकेवर, ट्रंकेवर ट्रंक, त्यावर डबा. मी लग्न झाल्यावरही कित्येक वर्षं अंगावर ऊन आलं की झोपेतच बाजूला सरकत असे, आणि नवरा विचारायचा, कोणासाठी जागा केलीस?

पेरण्याआधी बी भिजवून औषधाच्या गॉझमध्ये बांधायचं आणि ती पुरचुंडी लुगड्याच्या आत कमरेला खोचायची, ही बाईंची रीत. अंगाच्या उबेनं बी लवकर फुटतं म्हणत. ती पुरचुंडी घेऊनच त्या बाळंतपणं करत. एकदा आमच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. बिचारे गंभीर होऊन म्हणाले, "बाई, कमरेवर ही सूज कधीपासून आहे?" बाई हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "परवापासून. उद्या मोड येतील." डॉक्टर पुढे आठवडाभर माझ्याकडे चौकशी करत होते की बाईंच्या घरात कुणाला मानसिक त्रास वगैरे होता का.

पाणी घालायचं ते दवाखान्यातून बाद झालेल्या काचेच्या पिचकारीनं, थेंब थेंब. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. बी टाकल्यावर तिसऱ्या दिवशी मी काडीनं माती उकरून पाहिली तर माझ्या हातावर चापटी बसली. "उकरून नको पाहू. तिचे दिवस भरू दे." बाळंतिणीच्या दाराबाहेर येरझारा घालणाऱ्या नवऱ्यांनाही त्या याच सुरात बसवत.

आणि तोंड असं, की देव तारी. खरं बोलताना समोर कोण आहे हे त्या बघत नसत. तिसरी मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या एका सासूला म्हणाल्या, "तोंड कायले वाकडं करता? तुम्ही जन्मल्या तवा पोरगाच होत्या काय?" आमचे घरमालक सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. भला माणूस. त्यांनी एकदा कौतुकानं विचारलं की खोली पसंत आहे ना, तर बाई म्हणाल्या, "नाही. पण दुसरं कोणी मले खोली देत नाही." हेही खरंच होतं. बाईंचं घर छप्पन सालच्या दीक्षेनंतर बौद्ध झालं होतं आणि गावातली हिंदू घरं ते ऐकलं की खोली कालच गेली म्हणून सांगत. घरमालक मुसलमान होते, त्यांनी असलं काही विचारलंच नाही.

घरमालकांची म्हातारी आई, जिला सगळे खाला म्हणत, ती घराच्या दुसऱ्या भागात राहायची. तिची खोली आणि आमची खोली यांच्यात पुरुषभर उंचीची भिंत होती, वर छपरापर्यंत मोकळं. इकडे शिंक आली की तिकडून "अल्ला खैर" ऐकू यायचं. आणि तरीही मी तिथे होते त्यातली जवळजवळ दोन वर्षं बाई आणि खाला एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं ते माझ्यामार्फत. "सांग तिले, चुलीचा धूर इकडे येऊन राह्यला." मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "बोल उसको, धुआँ मेरी सुनता नहीं." मी फक्त मधे उभी राहायची.

हे भांडण बकरीवरून झालं होतं, म्हणजे खरं तर माझ्यावरून.

बाईंच्या डब्यांमध्ये एक डबा वेगळा असे. त्यातलं वांगं बाजारात मिळायचं नाही. गोल, हिरवं, त्यावर पांढरे पट्टे. राळेगावकडच्या एका खेड्यात बाईंच्या मायच्या अंगणात ते पिढ्यानपिढ्या होतं. दीक्षा घेतल्यावर त्यांच्या घरानं मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, आणि गावानं त्यांना मजुरीला बोलावणं सोडलं. बाईंचा भाऊ राजूरच्या कोळशाच्या खाणीत लागला आणि मायला तिथे घेऊन गेला. घर मोडलं, अंगण गेलं. खाणीच्या लायनीतल्या खोलीपुढे मिरचीचं एक झाड लावायलाही माती नव्हती. म्हणून मायनं पिकवून धरलेल्या वांग्याचं बी चिंधीत बांधून बाईंच्या हातात दिलं. वणीच्या घरमालकांनी परसातला एक कोपरा दिला होता, तिथे बाई ते लावणार होत्या.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात ती रोपं झकास आली होती. पाऊस पडला, आता दोन दिवसांत परसात लावायची असं ठरलं. त्या सकाळी बाई लवकर गेल्या, मी मागून धावतपळत निघाले आणि परसदाराची कडी लावायची विसरले. दुपारी आलो तर डबा चाटूनपुसून साफ, आणि खालाची बकरी माझ्या सतरंजीवर रवंथ करत बसलेली. बाईंनी लटकणाऱ्या कडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडे वळल्या आणि ओरडल्या, "खाला! तुमच्या बकरीले कोणी बोलावलं होतं आमच्या घरात?"

"बकरी है बाई. दरवाजा खुला था, आई!"

"दरवाजा खुला असला म्हून कोणाच्याबी घरात घुसते काय?"

"बकरी तो घुसेगीच!"

त्यानंतर अबोला. मला बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, नंतरही नाही. ते मला चापटीपेक्षा जास्त लागलं आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाईंनी उरलेल्या बियांतलं अर्धं पेरलं. एका अडलेल्या बाईसाठी आम्ही दोघी दोन दिवस बाहेरगावी होतो, तेवढ्यात लाल मुंग्यांनी सगळं बी वाहून नेलं. रांग अजून चालूच होती. बाई तिच्यापाशी उकिडव्या बसून बराच वेळ पाहत राहिल्या.

त्या थंडीत मी बाईंबरोबर राजूरला गेले. माय खोलीच्या दारात ऊन खात बसली होती. डोळ्यांनी अधू झालेली, पण बोलणं खणखणीत. हालहवाल विचारून झाल्यावर तिनं विचारलं, "वांगं कसं आलं वं यंदा?"

बाई म्हणाल्या, "लय आलं, माय. झाडं वाकून राह्यले."

मी बघतच राहिले. डॉक्टरांना न घाबरणारी ही बाई, आणि हे काय बोलतेय?

"भरीत केलंतं काय?"

"केलंतं ना. या पोरीनं तीन भाकरी खाल्ल्या."

मीही मान हलवली. काय करणार? माय खूश झाली. म्हणाली, "येत्या थंडीत मी येईन वणीले. माहं वांगं एकदा पाहून घेईन, खाऊन घेईन. मंग सुटली मी."

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तशाच म्हणाल्या, "घर गेलं, अंगण गेलं. तेवढं एक वाचलं असं ती समजून राह्यली. तेबी बकरीनं खाल्लं, हे कोणत्या तोंडानं सांगू?" चिंधीत आता चिमूटभरच बी उरलं होतं, आणि तेही जुनं. ते गेलं की ते वांगं कायमचं गेलं, आणि मायनं येऊन रिकामा कोपरा पाहिला असता. मला तेव्हाही सांगावंसं वाटलं की बाई, बकरीनं नाही, मी. पण धीर झाला नाही.

तिसऱ्या मे महिन्यात ते चिमूटभर बी बाईंच्या कमरेला गेलं. पाच दिवस झाले, सहा झाले, मोड येईनात. बाई दवाखान्यात एरवीपेक्षा जास्त चिडचिड करत होत्या. सातव्या दिवशी पुरचुंडी उघडली तर चौदा बियांना मोड होते. बाकीचं सगळं कुजलेलं. बाईंनी ती चौदा चिमट्यानं एकेक उचलून मातीत ठेवली. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत, कडी मी दोनदा तपासायची. रोपं बोटभर झाली, दोन-दोन पानं फुटली. आमचा जीव जरा खाली बसला.

आणि मग घरमालकांनी कवेलू फेरून घेतली. दर पावसाळ्याआधी फेरायचीच असतात. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची. कवेलू फेरणाऱ्या म्हाताऱ्यानं काचेचं कवेलू फुटू नये म्हणून सगळ्यात आधी काढून परसात ठेवलं होतं, आणि काम संपल्यावर परत बसवताना वर बसून वासे भलत्याच टोकाकडून मोजले. दुपारी आम्ही घरी आलो. खोली झाडलेली, थंडगार आणि काळोखी. बाई हातात डबा घेऊन खोलीच्या मधोमध उन्हाची वाट पाहत उभ्या राहिल्या. ऊन आलंच नाही. मग माझी नजर वर गेली. भिंतीपलीकडचे खालाच्या छपराचे वासे लख्ख उजळले होते.

घरमालकांनी कपाळावर हात मारला. पण म्हातारा चंद्रपूरच्या वाटेवरच्या कुठल्याशा गावी दुसऱ्या कामाला गेला होता, दहा दिवसांनी येणार होता. नुकत्याच बसवलेल्या कवेलूंवर दुसऱ्या कुणी पाय ठेवला असता तर छप्परच खाली आलं असतं. बाईंनी डबा सकाळी परसात ठेवून पाहिला. दवाखान्यातून येईपर्यंत दोन रोपं करपली. आत ठेवला तर बाकीची फिकट, लांबट होऊन माना टाकू लागली. दहा दिवस ती काही तगणार नव्हती.

"खालाला विचारू या ना," मी म्हटलं.

"तिले? तिच्या घरात बकरी बसते." एवढंच बोलून बाई भांडी घासायला बसल्या. तेच भांडं त्या कितीतरी वेळ घासत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दारानं खालाकडे गेले. ती पलंगावर बसून जुन्या कपड्यांची गोधडी शिवत होती. बकरी पलंगाखाली. आणि पलंगावर, खालाच्या मांडीवर, आमचं ऊन. मी हळू आवाजात, भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून, सगळं सांगून टाकलं. की दोन वर्षांपूर्वी कडी मीच विसरले होते, बकरीची काही चूक नव्हती, बाईंचीही नव्हती.

खालानं ओवायला सुईदोरा माझ्या हातात दिला. म्हणाली, "मालूम है बेटी. मैं आँगन में बैठी थी. तू भागती गई, कडी लटकती रही."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलती तो बाई को तेरे पे चिल्लाना पडता. नई-नई आई थी तू, माँ को याद करके रोती थी. दीवार के ऊपर से सब सुनाई देता." मग बकरीकडे बघून म्हणाली, "इसका क्या, इसको गाली समझती नहीं."

मला रडू फुटलं. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड एकदम खाली उतरला की असंच होतं. बाईंनी मला वाचवायला खालाशी भांडण घेतलं आणि खालानं मला वाचवायला ते अंगावर घेतलं, आणि मी मात्र दोघींचे निरोप पोचवत बसले होते.

खालानं मला रडू दिलं. मग भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ओ नर्सबाई! तुम्हारी धूप तीन दिन से मेरे पलंग पे आके पडी है. मेरी आँख नहीं लगती. ले जाव इसको!"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग बाईंचा आवाज आला, दोन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव मधे न घेता. "ऊन कसं उचलून नेऊ, खाला? डबा पाठवते."

"खुद ले आव. बच्ची गिराएगी."

बाई डबा छातीशी धरून आल्या आणि दारातच थबकल्या. बकरी उठून उभी राहिली होती. खाला पलंगावरून उतरली, बकरीचं दावं सोडलं आणि तिला लेकाच्या दुकानाच्या छपरीखाली नेऊन बांधली. ती बकरी उन्हाळाभर तिथेच राहिली. दुपारी खाला डबा सरकवायची, आणि मी इकडे पहिल्यांदा पोटभर झोपत होते. झोपत नव्हत्या त्या बाई. "खाला, सरकवला काय?"

"सरकाया बाबा, सरकाया. सो जाव!"

दहा दिवसांनी कवेलूवाला आला तेव्हा खालानंच त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाली, रोपं आता हलवायची नाहीत, पुढच्या वर्षी बघू. पावसानं जमीन भिजल्यावर बारापैकी नऊ रोपं परसात लागली. घरमालकांनी पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण घालून दिलं. दोन झाडं पावसानं सडली, सात वाढली. पहिलं फूल दिसलं त्या दिवशी बाईंनी दवाखान्यात डॉक्टरांना पेढा दिला आणि कशाचा ते सांगितलं नाही.

थंडी पडल्यावर माय आली. भाऊ कोळशाच्या ट्रकमधून तिला सोडून गेला. बाईंनी तिला हात धरून परसात नेलं. मायनं आधी वाकून पानं चाचपली, मग फळ हातात तोललं, मग त्याचा वास घेतला. खालाच्या शेगडीवर वांगी भाजली जात होती आणि परसभर तो वास सुटला होता. बाई मायच्या पायाशी बसल्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"माय, मी तुले खोटं सांगत होती. दोन वर्षं काहीच आलं नव्हतं. सगळं गेलतं."

"मले माहीत हाये," माय म्हणाली.

बाईंनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून मान हलवली, मी नाही सांगितलं.

"तिच्याकडे काय पाह्यतं? कोणी कायले सांगन? या वांग्याच्या देठाले काटे, पानाले काटे. मी तोडत होती तवा माह्या बोटावरचे ओरखडे कधी सुकत नसत. आन तू दर खेपेले येऊन माह्या डोक्याले तेल घासून देत होती. तुहे बोटं लोण्यावाणी नरम."

"मंग म्हटलं काहून नाही?"

"कायले म्हणू? तू इतक्या जिवानं सांगत होती, झाडं वाकले, भरीत केलं, भाकरी खाल्ली. मले तिथं वांगं कोठून भेटते? मीबी तेवढ्यात खाऊन घेत होती."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या हसत होत्या, दोन्ही एकदम. मायनं हात पुढे केला. "पाहू." बाईंनी दोन्ही हात तिच्या ओंजळीत दिले. मायनं अंगठ्यानं एकेक बोट चाचपलं. सकाळीच वांगी तोडली होती, ओरखडे अजून ओले होते.

"हो," माय म्हणाली. "आता लावलं तू वांगं. वाढ लवकर, लय भूक लागली मले."